विद्युतवाहिन्यांलगतची घरगुती झाडे

विद्युतवाहिन्यांलगतची घरगुती झाडे : अंगण, परसबाग, सोसायटीचे आवार किंवा घराला लागून असलेली वाडी यांतील झाडे वीजतारांपासून सुरक्षित अंतरावर राहावीत यासाठी लागवडीची जागा ठरवणे, योग्य जात निवडणे, फांद्यांना तारेपासून दूर वळण देणे आणि दुसरा उपाय न उरल्यास झाड काढणे, या सर्व बाबींचा विचार या नोंदीत महाराष्ट्राच्या संदर्भात केला आहे.

वस्तीतून जाणाऱ्या वाहिन्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. ११ केव्ही, म्हणजे ११,००० व्होल्ट दाबाची उच्चदाब वाहिनी रोहित्रापर्यंत (बोलीत ‘डीपी’पर्यंत) येते आणि तेथून सुमारे ४०० व्होल्टची लघुदाब वाहिनी घरांकडे जाते. दोन्हींच्या तारा बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या आणि उघड्या असतात. जुन्या तारेवर दिसणारा काळपट थर हा ऊनपावसाचा परिणाम असून ते विद्युतरोधक वेष्टन नव्हे. तारेतील वीज रोखून धरतात ती भोवतालची हवा आणि खांबावरची चिनी मातीची चिमणी, म्हणजे इन्सुलेटर, आणि म्हणूनच झाड व तार यांतील मोकळे अंतर हेच खरे संरक्षण ठरते. वनक्षेत्रातून वाहिन्या नेण्यासाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत तारा व झाडे यांमधील किमान अंतर ११ केव्हीसाठी २.६ मीटर, ३३ केव्हीसाठी २.८ मीटर आणि २२० केव्हीसाठी ४.६ मीटर दिले आहे; घराच्या आवारातही हे आकडे मार्गदर्शक मानता येतात. मात्र हे अंतर स्थिर नसते. उन्हाने आणि वाढलेल्या विद्युतभाराने तापलेली तार लांबते व दोन खांबांच्या मध्यावर अधिक खाली झोळते, वाऱ्याने ती आडवी हलते, आणि पावसाळ्यात नवी फूट झपाट्याने वाढते. वैशाखात पुरेसे वाटलेले अंतर श्रावणात उरेलच असे नाही, ही गोष्ट अनेक घरमालकांच्या लक्षात येत नाही.

फांदी उच्चदाब तारेला टेकली की प्रत्येक वेळी वीजपुरवठा खंडित होतोच असे नाही, आणि धोका नेमका येथेच आहे. ओल्या लाकडातून वीज वाहते, पण लाकडाचा रोध मोठा असल्याने प्रवाह फ्यूज वितळवण्याइतका किंवा उपकेंद्रातील ब्रेकर पाडण्याइतका होत नाही; परिणामी बाहेरून निरुपद्रवी दिसणारे झाड बुंध्यापर्यंत विजेने भारलेले राहू शकते. आंबे उतरवण्याच्या झेल्याचा लांब बांबू, लोखंडी शिडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची काठी तारेजवळ गेल्यास हाच मार्ग माणसाच्या शरीरातून पूर्ण होतो. बांबू विद्युतरोधक असतो हा समज ओल्या बांबूबाबत जीवघेणा आहे. तुटलेली तार जमिनीवर पडल्यास तिच्याभोवतीच्या जमिनीत विजेचा दाब बाहेरच्या दिशेने उतरत जातो, त्यामुळे जवळून चालणाऱ्याच्या दोन पावलांमध्येही दाबाचा फरक निर्माण होतो. यालाच पाऊल-विभव म्हणतात. अशा तारेपासून लांब राहून महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवणे हाच योग्य मार्ग होय.

कोकणातील वाडीत हा प्रश्न सर्वांत बिकट होतो तो नारळामुळे. आंबा, फणस किंवा जांभूळ यांची तारेकडे गेलेली फांदी काढली तरी झाड जगते, परंतु नारळाला वाढीचा एकच कोंब शेंड्याशी असतो आणि तो छाटला की माड मरतो. त्याची झावळी ४ ते ६ मीटर लांब असल्याने तारेपासून चार हात सोडून लावलेला माडही मोठेपणी तारेवर झुकतो, आणि अशा माडावर चढणाऱ्या पाडेल्याचा जीव दरवेळी टांगणीला लागतो. शिवाय झावळीचे अंतर राखणे पुरेसे नसते, कारण उंच झाड वादळात मुळासकट आडवे होऊ शकते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांतील नारळ-सुपारीच्या बागा कोसळल्या, त्यांबरोबर खांब व ताराही गेल्या आणि कित्येक गावे आठवडेन्‌आठवडे अंधारात राहिली. त्यामुळे माड, सुपारी, निलगिरी, सुबाभूळ यांसारखी उंच झाडे पूर्ण वाढीच्या उंचीइतके अंतर सोडून लावणे इष्ट असते. बांबूचा कोंब एकाच पावसाळ्यात पूर्ण उंची गाठू शकतो, म्हणून त्याचे बेट वाहिनीच्या आसपास नसावेच. तारेखालची जागा कढीपत्ता, तगर, जास्वंद, डाळिंब अशा छाटून ठेंगण्या राखता येणाऱ्या झाडांना देता येते.

छाटणीच्या प्रचलित पद्धतींत झाडाचा माथा सरसकट उडवण्याची पद्धत सर्वांत हानिकारक आहे, कारण अशा खुंटांतून सरळसोट, कमकुवत आणि वेगाने वाढणारे धुमारे फुटतात व दोन-तीन वर्षांत ते पुन्हा तारेला भिडतात. त्याऐवजी तारेकडे जाणारी फांदी मुळाशीच काढून तारेपासून दूर जाणाऱ्या फांद्या राखल्यास झाड त्या दिशेने वाढते. फांदी खोडाला मिळते तेथे सालीचा किंचित फुगीर कंगोरा असतो. काप त्याच्या लगत बाहेरून द्यावा, तो कंगोरा कापू नये, कारण जखम भरून काढणाऱ्या पेशी तेथेच असतात. अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शिगो (१९३०–२००६) यांच्या संशोधनामुळे ही पद्धत जगभर रूढ झाली. तारेजवळची छाटणी मात्र घरमालकाने किंवा रोजंदारीच्या माणसाने करू नये. वाहिनी बंद करून, ती भूसंपर्कित करून, म्हणजे जमिनीशी जोडून, वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखालीच ती करावी. पुरवठा ‘गेलेला’ असणे पुरेसे नाही, कारण तो कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकतो आणि चुकीच्या जोडणीच्या जनरेटरमधून तारेत उलटी वीजही येऊ शकते.

नागरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू असून झाड तोडण्यापूर्वी त्यानुसार परवानगी घ्यावी लागते. ग्रामीण भागात आंबा, फणस, साग, चिंच आदी अनुसूचित वृक्षांच्या तोडीवर १९६४ च्या अधिनियमाचे नियंत्रण आहे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६८ नुसार वीजवहनात अडथळा आणणारे झाड काढण्याचा आदेश परवानाधारक कंपनीच्या अर्जावरून कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो, आणि तेथे ‘झाड’ या संज्ञेत झुडूप व कुंपणाची रोपेही येतात. झाड वाहिनीच्या आधीपासून उभे असल्यास मालकाला वाजवी भरपाई देण्याची तरतूद याच कलमात आहे. वाहिनीनंतर लावलेल्या झाडाला ती लागू होत नाही, म्हणून सातबारा उताऱ्यातील झाडांच्या नोंदीसारखा, झाड आधीचे असल्याचा लेखी पुरावा अशा वेळी उपयोगी पडतो.