द्वादशीचे पान

आमच्या घरी पितृपक्षात दोन श्राद्धे होत. एक पणजोबांच्या तिथीचे आणि दुसरे वद्य द्वादशीचे. संन्याशांचे श्राद्ध द्वादशीला करतात, त्याला यतिमहालय म्हणतात, हे पुष्कळांना ठाऊक असेल. आमच्या घराण्यात संन्यासी असे एकच होऊन गेले. ते माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ. घरात सारे त्यांना 'काशीवाले' म्हणत. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी त्यांना विरक्ती आली, कोणाला न सांगता ते काशीला गेले, तेथे दंड घेतला आणि पुन्हा परतले नाहीत, एवढीच त्यांची हकीकत. द्वादशीच्या पानावर आत्या अळूची भाजी आणि वड्याशेजारी तुळशीचे एक पान आठवणीने ठेवी आणि म्हणे, "काशीवाल्यांचे पान, पाय लावू नका रे."

लहानपणी मला या पूर्वजाचा फार अभिमान वाटे. पुढे मी शाळामास्तर झालो, रात्री कंदील न लावता विजेच्या दिव्याखाली कादंबऱ्या लिहू लागलो, तेव्हा पहिल्याच कादंबरीतला संन्यासी मी त्यांच्यावरून उभा केला. त्याच्या तोंडी गंगेवरची दोन-तीन लांबलचक स्वगतेही घातली. ती वाचकांना आवडली होती. आज ती पाने मला उघडवत नाहीत.

घराच्या माळ्यावरची कौले बदलायला काढली, तेव्हा तेथला पेटारा खाली आला. त्यात चार रुमाल होते. वर सोवळ्याच्या जुन्या कापडाची गाठ आणि आत मोडीतले कागद. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; संशोधक म्हणवून घेण्याचा अधिकार मला नाही. परंतु मोडी शिकायला पदवी लागत नाही, चिकाटी लागते. दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या मी त्यात घातल्या. पहिल्या तीन रुमालांत खंडाच्या पावत्या आणि आंब्याचे हिशेब निघाले. चौथ्यात दोन कागद सापडले आणि आमचे काशीवाले काशीहून एकदम रत्नागिरीला आले.

पहिला कागद म्हणजे अर्जाचा कच्चा मसुदा. शके १८१५ च्या मार्गशीर्षातला, म्हणजे १८९३ च्या डिसेंबरच्या सुमाराचा. हस्ताक्षर पणजोबांचे. मॅजिस्ट्रेटसाहेबांना लिहिले होते की, आमचे धाकटे बंधू बंदरावर फिरत असता पोलिसांनी धरले आणि वेड्यांच्या इस्पितळात ठेवले. कागदोपत्री ते गांजा ओढतात असे लिहिले आहे, ते खरे नाही. त्यांनी विडीसुद्धा कधी ओढली नाही. मातोश्री निवर्तल्यापासून ते बोलत नाहीत, झोपत नाहीत, रात्री उठून समुद्राकडे चालू लागतात. त्यांना आमच्या हवाली करावे, आम्ही सांभाळू. मजकूर येथेच संपतो. 'सांभाळू' या शब्दाच्या जागी आधी दुसरा शब्द होता. तो खोडलेला आहे आणि वाचता येत नाही.

हा कागद समजून घ्यायचा म्हणजे त्या काळचा कायदा समजून घेतला पाहिजे. वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा कायदा १८५८ सालचा. मोकाट फिरणारा किंवा धोकादायक वाटणारा वेडा दिसला की पोलिसांनी त्याला धरून मॅजिस्ट्रेटपुढे न्यावे, मॅजिस्ट्रेटाने डॉक्टराच्या साहाय्याने त्याची तपासणी करावी, डॉक्टराने दाखला दिला तर इस्पितळात पाठवण्याचा हुकूम करावा, अशी त्यात रीत होती. परंतु त्याच कायद्यात आणखी एक वाट होती. एखादा नातलग पुढे आला आणि याला मी नीट सांभाळीन, हा स्वतःला वा दुसऱ्याला इजा करणार नाही, असा मुचलका त्याने लिहून दिला, तर त्या माणसाला नातलगाच्या हवाली करता येत असे. म्हणजे दाराची एक किल्ली सरकारपाशी होती, तशी दुसरी घरच्या माणसापाशी होती.

रत्नागिरीचे इस्पितळ १८८६ सालचे. नागपूरचे त्याआधीचे, १८६४ चे. मुंबईत कुलाब्याला एक होते. ठाण्याचे विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी आले. योगायोग असा की, ज्या १८८६ साली रत्नागिरीत वेड्यांसाठी हे इस्पितळ झाले, त्याच साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजाला रत्नागिरीस आणून ठेवले. राजासाठी पुढे १९१० साली राजवाडा बांधला, आणि १९१६ साली तो तेथेच वारला. राजाच्या बंदिवासाची हकीकत गावातले पोरही सांगते. त्याच गावात, तोच समुद्र ऐकत, दुसऱ्या भिंतीआड राहिलेल्या माणसांची हकीकत कोणी सांगत नाही. 'रत्नागिरीला पाठवा याला' एवढा थट्टेचा वाक्प्रचार मात्र मागे राहिला. वर्गातली मुले एकमेकांना तसे म्हणत, तेव्हा मीही हसत असे.

त्या इस्पितळांचे वार्षिक अहवाल सरकार छापीत असे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हिंदुस्थानातले असे जुने वैद्यकीय अहवाल अलीकडे संगणकावर सर्वांना खुले केले आहेत. शाळा सुटल्यावर मी ते वाचीत बसे. कोणाला आपला पूर्वज तेथे शोधायचा असेल, तर आधीच सांगून ठेवतो: या अहवालांत नावे नाहीत. आत तक्ते आहेत. पुरुष किती, स्त्रिया किती. हिंदू किती, मुसलमान किती. गुन्हेगार किती, बिनगुन्हेगार किती. वेडाचे प्रकार: मेनिया, मेलँकोलिया, डिमेन्शिया, जन्मतः मतिमंद. वेडाची कारणे दोन वर्गांत मांडलेली, शरीराची आणि मनाची. ताप, फेपरे, दारू, गांजा एकीकडे, दुःख वगैरे दुसरीकडे. आणि 'अज्ञात' हा रकाना निराळा. बागेत आणि मागावर वेड्यांकडून जे काम होई, त्याची किंमतही मांडलेली असे. शेवटी बरे होऊन गेले किती, नातलगांच्या हवाली किती, मृत किती.

त्या आकड्यांवर मी बोट ठेवून पाही. यातला एक आकडा आमचा आहे, एवढे नक्की. कोणता ते सांगता येत नाही. घरी पणजोबा लिहितात की, आई गेल्यापासून हा बोलत नाही. तेच दुःखाच्या रकान्यात मांडायला हवे होते. सरकारी कागदात मात्र गांजा. मग खरे कोणाचे मानायचे? भावाच्या पदरचे म्हणून पणजोबांचे सोडून द्यायचे काय?

या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित ठिकाणी मिळाले. १८९३ साली विलायतेच्या पार्लमेंटात गांजाविषयी प्रश्न निघाला आणि त्यावरून येथे एक चौकशी कमिशन नेमले गेले. त्याचा अहवाल १८९४ चा, सात खंडांचा. गांजाने माणसे वेडी होतात याला मुख्य पुरावा म्हणून जो तो वेड्यांच्या इस्पितळांचे आकडे दाखवी. कमिशनने ते आकडे तसेच न घेता १८९२ सालचे एकेक प्रकरण उलगडून तपासले. तेव्हा असे दिसून आले की, 'कारण' या रकान्यातली माहिती बहुधा पोलिसांनी माणसाबरोबर पाठवलेल्या कागदावरून उतरलेली असे. फिरस्ता दिसला, घरचे कोणी जवळ नाही, विचारल्याला उत्तर देत नाही. गांजा लिहून मोकळे व्हावे. इस्पितळाचा प्रमुख म्हणजे बहुतेक ठिकाणी जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन. त्याच्यामागे इतर कामे पुष्कळ. तोही तेच पुढे लिही. त्या वर्षी दाखल झालेल्या १,३४४ प्रकरणांपैकी गांजा, भांग, चरस यांचा संबंध वाजवीपणे जोडता येईल अशी कमिशनला अवघी ९८ आढळली, आणि त्यांतही केवळ याच पदार्थांमुळे म्हणावीत अशी ६१.

मी हे वाचले त्या रात्री मसुदा पुन्हा उघडला. ज्या हिवाळ्यात कमिशन गावोगाव साक्षी घेत होते, त्याच हिवाळ्यात माझे पणजोबा कोकणातल्या एका पडवीत बसून, कमिशनचे नावही न ऐकता, तेच लिहीत होते: रकान्यात लिहिले आहे ते खरे नाही. परक्या सरकारच्या कागदाने आमच्या घरच्या कागदाची साक्ष काढली. मला फार बरे वाटले. पण हे बरे वाटणे दुसऱ्या कागदापर्यंतच टिकले.

दुसरा कागद सरकारी मुद्रांकाचा. त्यावर मुचलक्याचा मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवलेला. रकमेची जागा मोकळी आणि खाली सही नाही. उलट बाजूला निराळ्या शाईने यादी आहे: तांदूळ, गूळ, नारळ, वाजंत्री, भटजींची दक्षिणा. शके १८१६, वैशाख. पणजोबांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचा तो हिशेब.

मुद्रांक विकत आणला, मजकूर लिहिला, आणि चार-पाच महिन्यांनी त्याच्या पाठीवर लग्नाचा खर्च मांडला. मधल्या महिन्यांत काय झाले असेल ते सांगायला कादंबरीकार लागत नाही. वेडा भाऊ पडवीत बसलेला असता बहिणीला स्थळ कोणी दिले असते? भाऊ काशीला गेला म्हटले की घराण्याची प्रतिष्ठा वाढते. रत्नागिरीला आहे म्हटले की लग्न मोडते. माझी खात्री आहे की काशीची गोष्ट त्या चार-पाच महिन्यांत जन्मली.

पणजोबांवर रागवायला मी पुष्कळ दिवस घेतले आणि राग धरता आला नाही. त्या काळी या आजारावर औषध असे काही नव्हते. मनोविकारावर खरोखर उतार पाडणारी पहिली औषधे १९५० नंतर आली. रात्री समुद्राकडे चालणाऱ्या माणसाला घरात ठेवायचे म्हणजे दाराला कडी आणि कधीकधी पायाला साखळी. कोणालाही साखळीने बांधू नये, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला २०१७ साल उजाडावे लागले. शिवाय मुद्रांकाचा कागद पाठकोरा म्हणून कामाला आला, हे समजते. परंतु अर्जाचा मसुदा काही उपयोगाचा नव्हता. तो चुलीत घालता आला असता. पणजोबांनी तो घातला नाही. हिशेबाच्या रुमालात बांधून ठेवला. सही न करता आलेल्या माणसाने एवढे केले.

आता प्रश्न आत्याला सांगण्याचा होता. तिचे वय शहाऐंशी. ज्यांच्या लग्नाचा हा हिशेब, त्या आक्काआजींना तिने लहानपणी पाहिलेले. त्यांच्या मांडीवर बसून तिने काशीच्या गोष्टी ऐकलेल्या. पितृपक्ष तोंडावर आला तेव्हा मी दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले आणि वाचून दाखवले. तिने मुचलका उलटसुलट करून पाहिला. मग विचारले, "आक्काआजींना ठाऊक होते काय रे?"

"त्या अकरा वर्षांच्या होत्या, आत्या."

"बरे झाले," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "म्हणजे ते संन्यासी नव्हते. मग आपण इतकी वर्षे द्वादशीला वाढतो ते कोणाला?"

मी गप्प बसलो. वर्गात मुलांना सनावळ्या पाठ करायला लावणाऱ्या माझ्यापाशी त्यांच्या मृत्यूची तिथी नव्हती. अहवालातल्या 'मृत' या रकान्यात त्यांचा आकडा कोणत्या वर्षी पडला, ते आकड्यांवरून निघत नाही.

"तिथी कळत नाही त्यांना सर्वपित्री अमावास्या आहे," आत्या म्हणाली. "द्वादशी नको आता. आणि वाढताना काशीवाले म्हणू नकोस. त्यांचे काही नाव असेल ना त्या कागदात?"

नाव होते. मसुद्याच्या तिसऱ्या ओळीत, वडिलांच्या नावासकट. तोवर आमच्या घरात कोणाला ते ठाऊक नव्हते. त्या अमावास्येला आत्याने पान वाढले, तुळशीचे पान नेहमीप्रमाणे बाजूला ठेवले आणि मी ते नाव मोठ्याने उच्चारले. ते येथे लिहीत नाही. तक्त्यांत ते कधी आले नाही; आता घरात घेतले जाते.