सणाचं घड्याळ : व्हिडिओ गेममधले सोहळे आणि पडद्याची मांडणी

आजचा विषय वाचून काहींनी भुवया उंचावल्या असतील. व्हिडिओ गेममध्ये नाताळ, हॅलोविन, उन्हाळी क्रीडास्पर्धा असे सोहळे होतात. त्यांच्यासाठी पडद्यावरची मांडणी, म्हणजे ज्याला यूझर इंटरफेस म्हणतात ती, कशी घडत गेली हे आज पाहायचं आहे. आमचा विषय तत्त्वज्ञान, तेव्हा कोणता खेळ किती रंजक हे आम्ही सांगू नये. पण काळ माणसाला कसा दाखवला जातो, हा प्रश्न आमच्या हद्दीतला आहे, आणि या पडद्यांवर तो गेली पंचवीस-तीस वर्षं फार उघडपणे सोडवला जातो आहे.

इंटरफेस म्हणजे खेळणारा आणि खेळ यांच्यामधला उंबरठा. बटणं, याद्या, कोपऱ्यातला गुणांचा आकडा. एरवी हा उंबरठा जाणवू नये अशीच अपेक्षा असते. सण आला की मात्र त्यावर तोरण बांधावं लागतं. मग रचनाकारापुढे दोन प्रश्न उभे राहतात. आज सण आहे हे कसं सांगायचं? आणि तो संपणार आहे हे सांगायचं का, किती जोरात सांगायचं? पहिला प्रश्न सौंदर्याचा वाटतो, दुसरा धंद्याचा. खरं तर दोन्ही एकच आहेत, पण त्याकडे नंतर येऊ.

सुरुवात १९९६ पासून करू. सेगा कंपनीच्या सॅटर्न या यंत्रावर त्या वर्षी ‘नाइट्स इंटू ड्रीम्स’ नावाचा खेळ आला. सोनिक टीमचा. त्याच वर्षी डिसेंबरात जपानमध्ये त्याची एक छोटी तबकडी निघाली, ‘ख्रिसमस नाइट्स’. तिची गंमत अशी, की ती यंत्राच्या आतलं घड्याळ वाचायची. एरवी लावली तर साधाच खेळ. नोव्हेंबरात किंवा जानेवारीत लावली तर हिवाळा, सगळीकडे बर्फ. डिसेंबरात लावली की नाताळ. आणि १ एप्रिलला लावलीत तर नायकाच्या जागी त्याचा प्रतिस्पर्धी रिआला हातात यायचा!

आता बघा, इथे सणाची वेगळी पाटी नाही, उलटी मोजणी नाही, ‘लवकर या’ नाही. तबकडी तुमच्या कपाटात आहे, सण तिच्या आत आहे, आणि दार उघडतं ते तुमच्याच घरातल्या घड्याळाने. घड्याळ पुढे सरकवलं तर भर मे महिन्यात नाताळ. मुलांनी ते केलंही असणार, कारण मुलं नेहमीच असं करतात. पण त्यात कुणाचं काय बिघडलं?

पुढचा टप्पा एप्रिल २००१ चा. निन्टेन्डोने जपानमध्ये ‘दोबुत्सु नो मोरी’ काढला. बाहेरच्या जगात तो ‘ॲनिमल क्रॉसिंग’ म्हणून ओळखला गेला. त्याच्या कार्ट्रिजमध्येच घड्याळ बसवलेलं होतं. खेळ बंद असला तरी गावातला वेळ चालू. बरेच दिवस फिरकला नाहीत तर अंगणात तण माजलेलं दिसायचं आणि शेजारी विचारायचे, होतात कुठे इतके दिवस? सण कळायचा तोही असाच, गावात पाऊल टाकल्यावर, सूचनाफलक वाचून, शेजाऱ्यांशी बोलून. फळा हाच इंटरफेस. आपल्याकडे देवळाच्या भिंतीवर सप्त्याची तारीख खडूने लिहिलेली असते ना, तसा. इथेही घड्याळ बदलता यायचं, पण थोडी किंमत मोजून. काळ मागे नेलात तर साठवलेले सलगम सडत. रागावणं नाही, बंदी नाही, एवढीच एक बारीक चापट. आम्हाला ही रचना फार सुजाण वाटते.

नंतर खेळ जाळ्यावर गेले, आणि घड्याळ घरातून निघून कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसलं. या सगळ्या कथेतला मोठा बदल हाच. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला आणि पहिल्याच डिसेंबरात त्यात हिवाळ्याचा सण आला. तुम्ही नगरात शिरायचं, तर तिथे झाड उभं, दिवे लागलेले, ‘ग्रेटफादर विंटर’ नावाचे एक आजोबा बसलेले. ज्याच्याकडे काही काम असेल त्याच्या डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह. एवढ्यावर भागायचं. पुढे सण इतके वाढले, की २००८ मध्ये खेळातच एक कॅलेंडर द्यावं लागलं. दिनदर्शिका छापायची वेळ आली याचा अर्थ सण आता गावाच्या आठवणीत मावत नाहीत. हे आपल्याला नवं नाही. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं ‘कालनिर्णय’ हाही इंटरफेसच, आणि चांगला इंटरफेस. तो एकादशी दाखवतो, पण एकादशी विकत नाही.

इथे एका तत्त्वज्ञाची मदत घेऊ. हान्स-गेओर्ग गाडामर या जर्मन विचारवंताने कलेविषयीच्या आपल्या व्याख्यानांत, जी १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आली, खेळ, प्रतीक आणि उत्सव या तीन गोष्टी एकत्र मांडल्या. योगायोग बघा, खेळ आणि उत्सव शेजारी शेजारी! त्याचं म्हणणं ढोबळपणे असं, की एरवीचा काळ आपण मोजतो आणि भरतो. कामाने भरतो, नाहीतर कंटाळ्याने. उत्सवाचा काळ भरावा लागत नाही, तो भरलेलाच येतो. उत्सवात आपण घड्याळाकडे पाहत नाही.

आता ही कसोटी हातात घेऊन पुढची वर्षं बघा. २०१३ मध्ये व्हॉल्व कंपनीने ‘डोटा २’च्या जागतिक स्पर्धेसाठी एक डिजिटल पुस्तिका काढली. किंमत सुमारे १० डॉलर, त्यातला चौथा हिस्सा थेट बक्षिसाच्या रकमेत. १६ लाख डॉलरवर सुरू झालेली रक्कम २८ लाखांच्या पुढे गेली, आणि पुढच्याच वर्षी एक कोटी डॉलर ओलांडले. रक्कम अमुक टप्प्यावर पोचली की सगळ्यांना अमुक मिळेल, अशी रचना. मांडवाच्या दारात वर्गणीचा फलक लावतात, त्याची ही जागतिक आवृत्ती. यात आम्हाला फार खोट दिसत नाही, कारण सगळ्यांचा आकडा एक होता आणि तो सगळ्यांना दिसत होता.

खोट दिसते ती २०१६ च्या ऑगस्टमध्ये. ‘ओव्हरवॉच’मध्ये उन्हाळी क्रीडासोहळा आला. पोशाख सुरेख, पण ते मिळणार फक्त बंद पेट्यांतून. खेळात जमवलेली नाणी देऊन हवा तो पोशाख घेता येत नव्हता. पेटी उघडा, नशीब बघा. आणि सोहळा संपला की दार बंद. खेळाडूंनी तक्रार केली, नंतर तो नियम बदलला. पेटी उघडतानाची ती उसळी, तो प्रकाश, ते क्षणभर थांबणं, हे सगळं इंटरफेसचं काम आहे, आणि कसबी काम आहे. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने या आणि आणखी काही खेळांतल्या अशा विकतच्या पेट्यांना जुगार ठरवलं. इथे उत्सवात सगळ्यांनी घड्याळाकडेच पाहावं अशी व्यवस्था झाली. गाडामरच्या नेमकं उलट.

पण गोष्ट एकाच दिशेने गेली असं म्हणणं अन्यायाचं होईल. ‘फोर्टनाइट’मध्ये २ फेब्रुवारी २०१९ ला मार्शमेलो या संगीतकाराचा कार्यक्रम झाला तेव्हा तेवढ्यापुरती सगळ्यांची शस्त्रं काढून घेतली होती. मारामारीच्या खेळात हत्याराचं बटण निकामी करणं म्हणजे देवळाबाहेर चपला काढायला लावणं! आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला तर सगळा नकाशाच कृष्णविवरात गेला. जे मुख्य मेनूवर थांबले होते त्यांच्या डोळ्यांसमोर मेनूसुद्धा त्यात ओढला गेला. मग सुमारे दोन दिवस काळा पडदा आणि मधोमध ते विवर. लोक तरीही बघत बसले. १५ तारखेला नवा नकाशा आला. रचनाकाराने काही मांडायचं नाही, फक्त आवरून ठेवायचं, हे धाडस थोरच.

आता ज्या प्रसंगासाठी हे सगळं सांगितलं, तो. जून २०१९. स्टीम हे गेम विकणारं मोठं दुकान, तेही व्हॉल्वचंच. त्यांनी उन्हाळी सवलतीला मोटारशर्यतीचं रूप दिलं. पाच संघ : ससा, कासव, कोर्गी कुत्रा, कोकॅटील पक्षी आणि डुक्कर. आघाडीच्या तीन संघांतल्या काही जणांना, चिठ्ठी काढावी तसं निवडून, त्यांच्या विशलिस्टवरचा खेळ फुकट मिळणार. मांडणी रंगीबेरंगी, पण नियम कुणाला धड कळेनात. हजार-दोन हजारांचा खेळ मिळायच्या ऐवजी यादीतला शे-दोनशेचा पदरात पडला तर? लोकांनी काय केलं, स्वस्त खेळ यादीतून पुसून टाकले. आणि स्वस्त खेळ कुणाचे? एकट्या-दुकट्याने, नाहीतर चार जणांनी मिळून केलेले. अशा माणसाला विशलिस्ट म्हणजे गिऱ्हाइकांची वही. खेळ बाजारात आला, किंमत उतरली, की त्या वहीतल्या लोकांना निरोप जातो. त्यांनी पाहिलं तर भर सणात वहीची पानं फाटत होती. कुणी वाईट हेतूने काही केलं नव्हतं. एक वाक्य संदिग्ध राहिलं होतं, आणि भोवती झेंडे लावले होते.

व्हॉल्वने मग गोंधळ झाल्याचं मान्य करून खुलासा केला : यादीतून काही काढायची गरज नाही, आवडता खेळ फक्त वर सरकवा. शर्यत पुढे चालू राहिली. पुसलेली नावं पुन्हा घालायची की नाही, ते ज्याच्या त्याच्यावर राहिलं.

बरं, वेळ झालेली दिसते. प्रश्न घेऊ या.