पडलेल्यांना दार

संप चालू असता जो गडी कामावर गेला, त्याला संघटनेत परत घ्यावे काय, हा प्रश्न आम्हांला अनेकदा पडला. ख्रिस्ती मंडळीपुढे तोच प्रश्न इ. स. २५१ मध्ये कार्थेज येथे उभा राहिला.

२५० साली रोमन बादशहा डेसियसच्या हुकमाने प्रजेला देवतांपुढे बळी अर्पून तसा दाखला घ्यावा लागे. जिवाच्या भीतीने पुष्कळ ख्रिस्ती नमले. काहींनी बळी न देताच दाखला मिळविला. छळ ओसरताच सारे दाराशी आले. रोमचा नोव्हाशियन म्हणाला, दार बंद! कार्थेजचा बिशप सिप्रियन छळाच्या दिवसांत स्वतः लपून राहिला होता. त्याच्या सभेने एकेकाची चौकशी करून नुसता दाखला घेणाऱ्यांना सामावले; बळी देणाऱ्यांना दीर्घ प्रायश्चित्त सांगितले, पण मरणसमयीची क्षमा राखली. पुढे नव्या छळाची चाहूल लागली, तेव्हा प्रायश्चित्त करणाऱ्या त्यांनाही घेतले. २५८ साली सिप्रियनने शिरच्छेद पत्करला.

या क्षमेत अपराधावर पांघरूण नाही. चौकशी आहे, माप आहे आणि शेवटी दार आहे. आम्ही एकदा एका गड्याला कायमचे बाहेर ठेवले. घरी त्याचे पोर आजारी होते. आम्ही विचारलेच नव्हते.