वेठबिगारी ते तळोजा : सरकारचा हात नेमका कोणाच्या मानेवर?

सरकार माणसाच्या आयुष्यात फार घुसू लागले आहे, अशी तक्रार हल्ली सगळीकडून ऐकू येते. कोणी काय खावे, कोणाशी लग्न करावे, मोबाईलवर काय लिहावे, मोर्चा कुठे काढावा, सगळ्यात सरकार. तक्रार खरी आहे. पण ती करणाऱ्या पांढरपेशा वर्गाला वाटते की हे काल-परवा सुरू झाले. त्याआधी म्हणे माणूस मोकळा होता. कोणता माणूस? गावकुसाबाहेरचा माणूस कधी मोकळा होता, हे आम्हाला कोणीतरी दाखवून द्यावे.

सरकारचा हात मानेवर असणे म्हणजे काय, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. म्हणूनच या प्रश्नाकडे आमच्या इतिहासातून पाहणे गरजेचे आहे. तसे पाहिले नाही, तर आमचे तरुण दुसऱ्यांच्या घोषणा देत फिरतील आणि आमचा मूळ प्रश्न बाजूला पडेल.

वतन नव्हे, सरकारी वेठ

१८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने महार वतनाला ब्रिटिश सरकारचा शिक्का मिळाला. वतन हा शब्द ऐकायला मानाचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ होता रात्रंदिवस सरकारी कामाला बांधलेला माणूस. साहेबाचे सामान वाहायचे, सांगावे न्यायचे, सारावसुलीला माणसे बोलवायची, मेलेल्या गुरांची विल्हेवाट लावायची. मोबदला सरकारने पुरेसा द्यायचा नाही. तो मुख्यतः इनामाचा तुकडा आणि गावकऱ्यांच्या बलुत्यातून मिळायचा. म्हणजे काम सरकारचे आणि पोट गावाच्या मर्जीवर. महाराने मान वर केली की गाव बलुते बंद करी, आणि काम सोडले की सरकार शिक्षा करी. दोन्ही बाजूंनी कात्री.

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. सरकारने ते आतून पोखरले आणि पुढच्या वर्षी बाबासाहेबांना ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. तेव्हा बाबासाहेब आपल्यात नव्हते.

याच सरकारने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मलेल्या मुलालाही गुन्हेगार ठरवले. १९११ मध्ये तो मुंबई इलाख्याला लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटा यांना हजेरी द्यायला लावली, सोलापूरसारख्या ठिकाणी कुंपणाच्या वसाहतीत ठेवले. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, आणि १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. पाटी बदलली. पोलीस ठाण्यातला संशय आजही पारध्याच्या पालावरच जातो.

तेव्हा व्यक्तिस्वातंत्र्य गेले म्हणून रडणाऱ्यांना आमचा पहिला प्रश्न हा आहे : ते आमच्यापर्यंत आले कधी होते?

सरकार आपले झाले, कायदा तोच राहिला

१९३७ मध्ये मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. पुढच्याच वर्षी या 'आपल्या' सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले आणि कामगाराचा संप काही परिस्थितीत गुन्हा ठरवला. स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने बाबासाहेब सभागृहात उभे राहिले. त्यांची मांडणी सरळ होती : माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे म्हणजे गुलामगिरी, आणि संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव. सभागृहात बहुमत नव्हते, म्हणून लढा रस्त्यावर आला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कम्युनिस्टांसोबत एक दिवसाचा संप झाला.

यातून शिकण्यासारखे एवढेच की, सत्तेवरचा माणूस गोरा की काळा, टोपीवाला की भगवावाला, यावरून बाबासाहेब स्वातंत्र्य मोजत नव्हते. कायद्याचे कलम काय म्हणते आणि ते कोणाच्या पाठीत बसते, हे ते पाहत.

पण याच बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये दुसरी बाजूही बजावून ठेवली. सरकारने हात काढून घेतला म्हणजे माणूस स्वतंत्र होत नाही. गरिबाच्या बाबतीत त्याचा अर्थ खासगी मालकाची हुकूमशाही असा होतो. त्यात आम्ही एक भर घालू : मालकाची आणि गावाची. म्हणून 'सरकार जितके कमी तितके बरे' हा भांडवलदारांचा मंत्र आमचा होऊ शकत नाही. राखीव जागा, शिष्यवृत्ती, ॲट्रॉसिटी कायदा, रेशन हे सगळे सरकारनेच करायचे आहे. सरकार मोठे आहे, ही आमची तक्रार नाहीच. जिथे हवे तिथे ते फिरकत नाही आणि जिथे नको तिथे लाठी घेऊन हजर असते, ही आमची तक्रार आहे.

कलम २२ ची गोष्ट

अटकेचा अधिकार हा सरकारच्या हातातला सर्वांत धारदार अधिकार. संविधान सभेत त्यावर मोठी लढाई झाली. मसुद्यातल्या कलम १५ मध्ये, म्हणजे आजच्या कलम २१ मध्ये, 'ड्यू प्रोसेस' हे शब्द असावेत की 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' असावी, हा वाद होता. पहिल्या शब्दांत कायदा न्याय्य आहे का हे तपासण्याची ताकद न्यायालयाला मिळत होती. दुसऱ्यात संसद म्हणेल तो कायदा. १३ डिसेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले आणि निर्णय सभागृहावर सोडला. सभागृहाने दुसरा पर्याय घेतला.

बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी कलम १५-अ मांडले, म्हणजे आजचे कलम २२. त्यांनी स्पष्टच सांगितले की, आधीच्या कलमामुळे कायदेमंडळाला अटकेचे कायदे करायला मोकळे रान मिळाले, त्याची भरपाई म्हणून हे आणले आहे. अटकेची कारणे सांगा, वकील करू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करा. या गोष्टी फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीही होत्या. पण साधा कायदा कोणतेही सरकार बदलू शकते, संविधानातला हक्क तसा बदलता येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा राहिली, म्हणजे गुन्हा न करताच अटक. त्यावर मुदतीची आणि सल्लागार मंडळाची वेसण घातली गेली. पण वेसण घातली तरी बैल गोठ्यातच होता. प्रजासत्ताक होऊन महिनाभर होतो न होतो तोच, फेब्रुवारी १९५० मध्ये, प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आला. त्याच वर्षी ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो बहुतांशी उचलून धरला. १९७१ मध्ये मिसा आला, आणीबाणीत एक लाखाहून अधिक माणसे आत गेली. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितले की, आणीबाणीत अटकेविरुद्ध दादही मागता येणार नाही. एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्नांनी विरोध केला. तो निकाल स्पष्टपणे मोडीत निघायला २०१७ साल यावे लागले. आणीबाणीनंतर ४४ व्या घटनादुरुस्तीने सल्लागार मंडळाविना स्थानबद्धतेची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणली. १९७८ ची ती तरतूद लागू करण्याची अधिसूचना एकाही सरकारने काढली नाही. आणीबाणीविरुद्ध लढल्याची पेन्शन घेणाऱ्यांच्या सरकारनेही नाही.

खैरलांजी ते तळोजा

आता महाराष्ट्रात या. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्यांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या, दहा माणसे मेली. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही म्हटले. आणि त्या हत्येच्या निषेधार्थ जी जनता रस्त्यावर आली, तिच्यामागे नक्षलवादी आहेत अशी शंका तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी व्यक्त केली. जातीने मारले तर जात दिसत नाही, आणि जातीविरुद्ध बोलले तर लगेच बंदूक दिसते!

हे सूत्र तेव्हापासून चालू आहे. 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे यांना जानेवारी २०११ मध्ये अटक झाली. चाळीस महिन्यांनी, मे २०१४ मध्ये, गोंदियाच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. त्या चाळीस महिन्यांचा हिशेब कोणी दिला? जून २०१८ मध्ये त्यांना एल्गार परिषदेच्या प्रकरणात पुन्हा अटक झाली. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला तेव्हा साडेसहा वर्षे उलटली होती, तीनशेहून अधिक साक्षीदार तपासायचे होते आणि आरोपनिश्चितीही झालेली नव्हती.

ते सुटले ते नवी मुंबईतल्या तळोजा मध्यवर्ती कारागृहातून. हे शहर शासनाने आखले, सिडकोने बांधले. त्यासाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, आणि वाजवी मोबदला मागणाऱ्यांवर १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार केला. पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली. पण ती मुख्यतः सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांना. भूमिहीन बौद्ध आणि कातकरी त्या हिशेबात मागेच राहिले.

याच शहरातल्या तुरुंगात फादर स्टॅन स्वामी होते. पार्किन्सनने हात थरथरणाऱ्या त्या म्हाताऱ्याला पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करावा लागला. जामिनाची वाट पाहत ५ जुलै २०२१ रोजी, ८४ व्या वर्षी, त्यांनी रुग्णालयात प्राण सोडला. इथेच प्रा. आनंद तेलतुंबडे होते. १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीला, त्यांना शरण जावे लागले. उच्च न्यायालयाने जामीन देताना दहशतवादी कृत्याच्या गंभीर कलमांसाठी प्रथमदर्शनी पुरावा नसल्याचे म्हटले. ते बाहेर आले २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनी. मधली अडीच वर्षे त्यांना कोण परत देणार?

याला कारणीभूत आहे यूएपीए कायद्याचे कलम ४३ड(५), जे डिसेंबर २००८ मध्ये घातले गेले. पोलिसांचे कागद वाचून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन नाही. म्हणजे खटला चालण्याआधीच शिक्षा भोगायची. हे कलम काँग्रेसच्या काळात आले. २०१९ मध्ये भाजपच्या सरकारने संघटनेबरोबर एकट्या माणसालाही दहशतवादी घोषित करण्याची तरतूद जोडली. तेव्हा आम्हाला कोणी 'आमचा पक्ष वेगळा' असे सांगायला येऊ नये.

'मग ॲट्रॉसिटी कायद्याचे काय?'

इथे विरोधक एक प्रश्न टाकतात आणि आमची पोरे गडबडतात. 'तुम्हाला ॲट्रॉसिटीत जामीन नको, आणि यूएपीएत मात्र हवा?' उत्तर नीट लक्षात ठेवा. ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम १८ अटकपूर्व जामिनाला मनाई करते, अटकेनंतरच्या जामिनाला नाही. प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर अटकपूर्व जामीनही देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. त्या कायद्यात तक्रारदार एक पीडित माणूस असतो आणि घटना ठरावीक असते. आरोपी गावात मोकळा राहिला तर तक्रारदाराला जगू देणार नाही, म्हणून ती तरतूद. यूएपीएत तक्रारदार स्वतः सरकार, आणि आरोप अनेकदा पत्रांवर, पुस्तकांवर, ओळखीपाळखीवर उभा. एक कायदा दुबळ्याला बळवंतापासून वाचवतो. दुसरा बळवंताच्या हातात आणखी एक काठी देतो. दोन्ही एका तागडीत तोलणे ही लबाडी आहे.

'अराजकाचे व्याकरण' आणि अर्धे बाबासाहेब

दुसरी लबाडी याहून मोठी. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सत्याग्रहाला अराजकाचे व्याकरण म्हटले, असे आम्हालाच ऐकवले जाते. म्हटले, हे खरे. पण कोणत्या अटीवर? संवैधानिक मार्ग खुले असतील तेव्हा, अशी ती अट आहे. ते मार्ग खुले ठेवणे हे सरकारचे काम. सभेला परवानगी नाकारायची, शाहिराला आत टाकायचे, संपादकाचा जामीन वर्षानुवर्षे लटकवायचा, आणि वर व्याकरण आम्हाला शिकवायचे?

बाबासाहेबांनी ती अट स्वतः पाळून दाखवली होती. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्यावर दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आला. हजारो लोक महाडला जमलेले, मने पेटलेली. बाबासाहेबांनी त्यांना समजावले, पाण्याचा सत्याग्रह थांबवला आणि कोर्टात लढले. १९३७ मध्ये उच्च न्यायालयात जिंकले. पण त्याच परिषदेत मनुस्मृतीही जाळली. कायद्याचा मान आणि अन्यायाला नकार, दोन्ही एकाच मांडवात. हे पूर्ण बाबासाहेब आहेत.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या होत्या. संयुक्त समितीने त्यात काही बदल केले, रोख कडव्या डाव्या संघटनांवर असल्याचे सांगितले. पण बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत प्रस्थापित कायद्याच्या अवज्ञेला उत्तेजन देण्यासारखे सैल शब्द आहेत. या मापाने महाड आणि काळाराम कुठे बसतील, हे प्रत्येकाने स्वतःशी ठरवावे.

आता आपण काय करायचे?

हळहळून काही होत नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यूएपीएखालील एका पत्रकार-संपादकाची अटक बेकायदा ठरवली. कारण काय? अटकेची कारणे लेखी दिली नव्हती. आधार कोणता? कलम २२ चा पहिला खंड, बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी मांडलेला. पाऊणशे वर्षांनी तो शब्द माणूस सोडवून गेला.

म्हणून प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विहारात कलम २२ वाचले गेले पाहिजे. अटक झाली तर कारणे लेखी मागा, वेळ लिहून ठेवा, चोवीस तास मोजा, वकिलाचा नंबर जवळ ठेवा. देशातल्या दर चार कैद्यांत तीन कच्चे कैदी आहेत, आणि त्यांत आपल्या माणसांचे प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे. त्यांच्यासाठी वकिलांचे गट उभे करा. फक्त नावाजलेल्या कैद्यांसाठी नव्हे. चोरीच्या संशयावरून उचललेल्या, जामिनाला पैसे नसलेल्या पारध्याच्या पोरासाठीसुद्धा. तो तळोजात आहे, आर्थर रोडला आहे, येरवड्याला आहे, आणि त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही.

सरकारचा हात आम्हाला हवा आहे, पण तो धरून उठवणारा. मानेवरचा हात आमच्या आज्यापणज्यांनी वतनाच्या नावाखाली पुष्कळ सोसला. आता देशरक्षणाच्या नावाखाली आम्ही तो सोसणार नाही.

जय भीम! जय संविधान!