गरिबांच्या वैद्याचा मक्ता

रस्त्याच्या खडीचे किंवा तुरुंगातील धान्यपुरवठ्याचे काम मक्त्याने द्यावे, त्यासाठी बंद लखोटे मागवावेत आणि ज्याचा आकडा सर्वांत कमी त्याच्या पदरात ते टाकावे, ही रीत राज्यकारभाराला नवी नाही. परंतु आजारी माणसाच्या उशाशी कोणी बसावे याचा निर्णयही त्याच लखोट्यांतून करण्याचा प्रयोग कायद्याच्या आश्रयाने आणि अर्थशास्त्रावरील पूर्ण श्रद्धेने झाला, तो एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये.

त्यापूर्वीही तेथे अनेक पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीनुसार आखलेले स्थानिक कारभाराचे घटक, आपल्या हद्दीतील निर्धनांसाठी एखाद्या सर्जनाशी वार्षिक करार करीत असत, आणि ठरलेल्या रकमेत वर्षभर रोगी तपासून औषधेही त्यानेच पुरवावीत, अशी बोली असे. डिकन्सची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ १८३७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा पहिल्याच प्रकरणात नायकाच्या जन्मसमयी हजर असलेला सर्जन असा कराराने बांधलेला आहे, हे वाचकांना समजावून सांगावे लागले नाही. ही व्यवस्था आदर्श खचितच नव्हती. पण सर्जन, रोगी आणि कर भरणारा शेतकरी हे बहुधा एकाच पंचक्रोशीतले असत, आणि या ओळखीची थोडीफार भीड व्यवहाराला असे.

१८३४ च्या नव्या दरिद्रता-निवारण कायद्याने ही भीड संपुष्टात आणली. सुमारे पंधरा हजार पॅरिशांचे गट करून ‘युनियन’ बनविण्यात आल्या. प्रत्येक युनियनचा कारभार करदात्यांनी निवडलेल्या पालकमंडळाकडे गेला, आणि या मंडळांवर देखरेख करण्यासाठी लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये तीन आयुक्तांचे दप्तर बसले, ज्याचे चिटणीस एडविन चॅडविक होते. सरकारी मदत घेणाऱ्याची स्थिती स्वकष्टाने जगणाऱ्या अत्यंत गरीब मजुराच्या स्थितीहून बरी असता कामा नये, हे या कायद्याचे मूलतत्त्व. आणि मजुराला स्वतःच्या पैशाने चांगला वैद्य मिळत नाही तर निर्धनाला तो का मिळावा, असा प्रश्न त्या तत्त्वातून आपोआपच उभा राहिला. वैद्यकी हीही एक विकाऊ वस्तू, स्पर्धेतून तिचा रास्त भाव निघेल, असे मानून अनेक मंडळांनी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या जागेसाठी टेंडरे मागविण्यास प्रारंभ केला.

निविदा उघडणारे लोक होते तरी कोण? बव्हंशी शेतकरी आणि दुकानदार, ज्यांना स्वतःच्या खिशातून कर भरावा लागे आणि पुढल्या निवडणुकीत शेजाऱ्यांना हिशेब द्यावा लागे. त्यांच्यासमोर येणाऱ्या लखोट्यांतील विद्येची पारख त्यांना नव्हती. आकडा मात्र सर्वांना वाचता येई. आणि या आकड्यांत वैद्य आपल्या श्रमाचे खरे मोल लिहीत नसे. आपण जागा सोडली तर कोणी परका तरुण वैद्य त्या निमित्ताने गावात पाय रोवील आणि पैसे देणारी घरेही आपल्या हातून जातील, या धास्तीने जुना वैद्य घोडा, औषधे आणि साहाय्यक यांचा खर्चही भागणार नाही इतक्या खाली उतरे. काही ठिकाणी स्थानिक वैद्यांनी एकजुटीने टेंडर भरण्याचे नाकारले, तेव्हा मंडळांनी बाहेरगावचा माणूस आणून बसविला. वैद्यांच्या तक्रारी न्याय्य होत्या यात शंका नाही; तथापि परस्परांवर मात करण्यासाठी भाव पाडणारेही तेच होते, आणि या दोषातून त्या वर्गाला मुक्त करता येणार नाही.

वर्षाची मुदत संपताच पुन्हा टेंडर, त्यामुळे तक्रार करणाऱ्या वैद्याची जागा कधीच सुरक्षित नसे.

या बचतीचा भार अखेर कोणावर पडला, हे पाहण्यासाठी एखाद्या शेतमजुराच्या घरी जावे लागेल. नवरा तापाने फणफणला असता त्याच्या बायकोने प्रथम मदत मंजूर करणाऱ्या रिलीव्हिंग ऑफिसरला गाठावयाचे, जो कित्येकदा मैलोगणती दूर राही; तो मदत देण्यास राजी झाला तर त्याची चिठ्ठी घेऊन वैद्याकडे जावयाचे; वैद्य विस्तीर्ण हद्दीत फिरतीवर असला तर दारात बसून राहावयाचे, आणि औषधासाठी पुन्हा खेप घालावयाची. ते औषध वैद्याच्या पगारातून येई. क्विनाइनसारखी महाग औषधी लिहिताना त्याचा हात आखडला, तर केवळ त्याच्या नीतीला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. ज्या करारात रोगी बरा करण्याने वैद्य दरिद्री होतो, तो करार करणारेच प्रथम जाबदार. काही युनियनांनी दर रोग्यामागे मोबदला देऊन पाहिला, तर तेथे खर्च वाढू नये म्हणून चिठ्ठ्या देण्यातच हात आखडता घेण्याची सोय झाली.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचा संस्थापक आणि पार्लमेंटचा सभासद टॉमस वॅक्ली याने या पद्धतीवर अविरत टीका केली, प्रांतिक वैद्यांची जी संघटना चार्ल्स हेस्टिंग्ज याने १८३२ मध्ये वुस्टर येथे स्थापिली आणि जी पुढे ब्रिटिश मेडिकल असोसिएशन झाली, तिनेही हा प्रश्न हाती धरला, १८३८ च्या पार्लमेंटरी समितीपुढे वैद्यांच्या साक्षी झाल्या. अखेर १८४२ च्या हुकुमाने आयुक्तांनी टेंडरची पद्धत बंद केली. वैद्याची हद्द पंधरा हजार एकर किंवा पंधरा हजार लोकसंख्येपुरती मर्यादित झाली, वैद्यक आणि शस्त्रक्रिया या दोहोंतील पात्रता आवश्यक ठरली, आणि बाळंतपणे व मोठ्या शस्त्रक्रिया यांसाठी पगाराव्यतिरिक्त मोबदला ठरला. पाय कापण्याच्या शस्त्रक्रियेस पाच पौंड, साध्या बाळंतपणास दहा ते वीस शिलिंग. त्याच वर्षी चॅडविकचा श्रमिकांच्या आरोग्यस्थितीवरील प्रसिद्ध अहवाल बाहेर पडला, आणि रोगराईच माणसाला दारिद्र्यात लोटते हे त्यात विस्ताराने मांडलेले होते. ज्या दप्तराने गरिबांचा वैद्य सर्वांत स्वस्त कसा मिळेल हे पाहिले, त्याच्याच चिटणिसाने हे लिहावे, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

लखोटे गेले, पण औषधांचा खर्च वैद्याच्या माथ्यावरच राहिला. १८४६ मध्ये पंतप्रधान पीलच्या मंत्रिमंडळाने वैद्यांच्या पगाराचा अर्धा भार राष्ट्रीय तिजोरीवर घेतला, तरी ही गाठ सुटली नाही. जोसेफ रॉजर्स १८५६ मध्ये लंडनच्या स्ट्रँड युनियनच्या वर्कहाउसात, म्हणजे निर्धनांना ठेवून घेणाऱ्या आश्रयगृहात, वैद्य म्हणून रुजू झाला, तेव्हा त्याचा वार्षिक पगार पन्नास पौंड होता आणि तेथील सर्व रोग्यांची औषधे त्याने त्यातूनच पुरवावयाची होती. १८६४ च्या पार्लमेंटरी समितीने क्विनाइन आणि कॉड माशाचे तेल यांसारखी महाग औषधे मंडळांनी द्यावीत अशी शिफारस केली. १८६७ च्या कायद्याने लंडनपुरता औषधांचा खर्च तेथील युनियनांच्या सामायिक निधीवर पडला आणि दवाखाने उभारण्याची तरतूद झाली. या सुधारणेसाठी झगडणाऱ्या रॉजर्सला मात्र पालकमंडळाशी झालेल्या संघर्षात १८६८ मध्ये आपले पद गमवावे लागले. आणि ग्रामीण युनियनांतील कित्येक वैद्य पुढेही दीर्घकाळ स्वतःच्या पगारातूनच औषधे देत राहिले.