सुरतेची मोरी आणि फवाऱ्याची जागा

“मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा” ही म्हण आपल्याकडे सर्वश्रुत आहे. सुरतेच्या शेरींतून हिंडतांना तीच म्हण गुजराती वेषांत भेटते : “खाळे डूचा ने दरवाजा मोकळा.” खाळ म्हणजे मोरी, डूचा म्हणजे बोळा. बारीकसारीक काटकसर करून मोठा खर्च मोकळा सोडणाऱ्याची ही थट्टा; पण त्या थट्टेसाठीं दोन्ही भाषांना मोरीच आठवली, यांत घराच्या इतिहासाचें एक सूत्र आहे. घरांत स्नान कोठें करावें, हें पाणी कोठून येतें यावरून सहसा ठरलेलें नाहीं. तें कोठें जातें यावरून ठरलें आहे. आज न्हाणीघरांतील फवारा एका भिंतीवरून काढून दुसरीवर स्वहस्तें बसविण्याची हौस पुष्कळांना असते. त्यांनीं हें सूत्र जाणलेलें बरें.

गुजरातच्याच भूमींत लोथल येथें १९५५ पासून जें उत्खनन झालें, त्यांत बालेकिल्ल्याच्या भागांत एका ओळींत बारा न्हाण्या सांपडल्या. फरश्या विटांच्या, आणि त्यांचें पाणी एका सामाईक गटारांत जाणारें. चार हजार वर्षांहून जुन्या त्या नगरांत पाणी आणण्यास नळ नव्हता. पाणी नेणारी नाली मात्र पक्क्या विटांची होती.

कोंकणांत आणि गोमंतकांत आपणांस या प्रश्नानें फारसें छळलें नाहीं. न्हाणी घराच्या मागच्या अंगाला, भाणाखालीं चूल, आणि सांडपाणी पाटानें माडाच्या नाहींतर केळीच्या बुंध्याशीं. सुरतेंत अशी ऐसपैस जागा कोठून असणार? गोपीपुरा, नानपुरा, हरिपुरा या भागांतील जुनीं घरें अरुंद, लांब, भिंतीला भिंत लागलेलीं. शहराला पाण्याची चिंता जुनी. मलिक गोपीनें सोळाव्या शतकाच्या आरंभीं बांधविलेला गोपी तलाव हें तिचेंच स्मारक. कित्येक घरांच्या पोटांत टांकें असे. छपरावरील पावसाचें पाणी त्यांत उतरवून वर्षभर पिण्यास व स्वयंपाकास पुरवावयाचें. तें अंगावर ओतण्याचें पाणी नव्हे! स्नानाचें पाणी विहिरीचें वा तापीचें, आणि स्नानाची जागा चोकडी. म्हणजे चौकाच्या कडेची, चार बोटें खोल अशी फरसबंद जागा. तिचें पाणी खाळीवाटे शेरींत किंवा खाळकुव्यांत जाई. टांकें आणि खाळकुवा यांत अंतर राखणें भाग होतें. सोवळें आणि आरोग्य यांचा येथें तंटा नव्हता.

सुरतेची नगरपालिका १८५२ सालीं स्थापन झाली. तापीचें पाणी वराछा येथून नळानें शहरांत येऊं लागलें तें त्या शतकाच्या अखेरीस. नळ आल्यावर स्नानाला चोकडीशीं बांधून राहण्याचें कारण उरलें नाहीं. तें माडीवर चढलें, लांकडी तुळयांवर जाऊन बसलें. मोरी मात्र खालींच राहिली. नळाचें पाणी वाढलें त्या मानानें गटारें वाढलीं नाहींत, याचें प्रायश्चित्त शहरानें सप्टेंबर १९९४ च्या प्लेगांत भोगलें. पुढें १९९५ सालीं आलेले महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनीं शहराची सफाई हातीं घेतली. लोथल खणणारे पुरातत्त्वज्ञही एस. आर. राव! व्यक्ती दोन, पण एकानें गुजरातची एक फार जुनी मोरी उकरली आणि दुसऱ्यानें सुरतेची तुंबलेली मोकळी केली, हा योगायोग मला गंमतीचा वाटतो.

आतां कायद्याकडे. सुविधाधिकारांचा कायदा १८८२ चा. मुंबई इलाख्यास, अर्थात् त्या वेळच्या सुरतेसही, तो १८९१ सालीं लागू झाला. शेजाऱ्याच्या जागेंतून सांडपाणी वाहून नेण्याची वहिवाट उघडपणें, शांततेनें, हक्काच्या भावनेनें व अखंड वीस वर्षें चालली, तर कलम १५ प्रमाणें तो हक्क होतो. कलम २३ त्याहून मार्मिक आहे. हक्कदारानें उपभोगाची रीत व जागा बदलावी, परंतु शेजाऱ्यावरील बोजा वाढवूं नये. समजा, चोकडीचें पाणी तीस वर्षें शेजाऱ्याच्या बोळांतून जात आहे. फवारा माडीवर नेला आणि पाणी त्याच खाळीनें, तितकेंच गेलें, तर त्यास तक्रार नाहीं. बादलीच्या जागीं दहा बादल्या सोडल्या, किंवा नवी नळी त्याच्या भिंतीवर उघडली, तर जुनी वहिवाट मदतीस येणार नाहीं. हें कलम प्रत्येक गवंड्यानें पाठ करावें असें माझें मत आहे. नव्या इमारतींत तर शेजारी बाजूला नसून खालीं असतो, आणि आपल्या न्हाणीखालीं त्याचें देवघर असूं शकतें.

नुसता फवारा बदलणें हें अर्ध्या तासाचें काम : वरची चावी बंद करावी, जुना फिरवून काढावा, आट्यांवर पांढरी फीत गुंडाळून नवा बसवावा. जागा बदलणें निराळें. प्रथम मोरी पाहावी, मग फरशीचा उतार, शेवटीं नळ. छपरावरच्या टाकीपासून दहा मीटर खालीं पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारें एक किलो असतो. म्हणून अगदीं वरच्या मजल्यावर टाकीखालींच नेलेला फवारा रडत वाहतो. भिंतींत घातलेली नळी गिलावा करण्यापूर्वीं पाणी भरून तपासावी. फरशी झाल्यावर मोरीला खरोखरच बोळा घालून पाणी तुंबवावें, आणि एक दिवसानें खालच्या छतास ओल आली कीं काय तें पाहावें.

मोरीच्या तोंडाशीं जें पाण्याचें भांडें बसवितात, त्याला सुरतेंतील कारागीरही ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतो. आपली न्हाणी अशी देशभरच्या नळकामाच्या परिभाषेंत जाऊन बसली आहे. त्यांत सांचून राहणारें पाणीच गटाराची दुर्गंधी अडवितें. फवारा हलविल्यावर जुन्या जागेच्या ट्रॅपांत पाणी पडत नाहीं. कांहीं आठवड्यांत तो सुकतो, आणि घरांत वास कोठून येतो तें कळेनासें होतें. तेव्हां नवी फरशी घालण्याआधीं ती जुनी नळी सिमेंटानें कायमची बुजवावी.