चांद्याचा किल्लेदार : सात ओळी आणि त्यांवरील भाष्य

मूळ ओळी माझ्या आणि त्यांवरचे भाष्यही माझेच, अशी ही जुन्या ग्रंथकारांची ‘स्वोपज्ञ’ रीत आहे. विषय आहे गंगासिंग. १८१८ सालच्या मे महिन्यात चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, किल्ला लढवताना हा किल्लेदार पडला. नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासात त्याच्या वाट्याला एखादे वाक्य येते आणि त्यातही बहुधा त्याला बंडखोर म्हटलेले असते. हा शब्द त्याला लागू होत नाही, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी गोष्ट त्याच्यापासून नाही, तर त्रेसष्ट वर्षे आधीपासून सुरू करावी लागते.

ओळ पहिली : रघूजी गेले, चार मुलांत राज्य वाटले गेले आणि चांदा मुधोजींकडे आला.

पहिले रघूजी भोसले १७५५च्या फेब्रुवारीत वारले. जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी हे त्यांचे चार मुलगे. वयाने जानोजी थोरले, पण मुधोजी थोरल्या राणीचे. गादीवर हक्क थोरल्या मुलाचा की थोरल्या राणीच्या मुलाचा, हा वाद हत्यारांपर्यंत गेला आणि अखेर पुण्याला पेशव्यांपुढे मिटला. जानोजींना सेनासाहेबसुभा हे नागपूरच्या गादीचे पद मिळाले, मुधोजींना सेनाधुरंधर हा किताब आणि चांदा. बिंबाजी छत्तीसगडात रतनपूरला गेले, साबाजींना वऱ्हाडात दारव्हा मिळाले.

हा चांदा भोसल्यांचा वडिलोपार्जित नव्हता. चारच वर्षांपूर्वी, १७५१ साली, गोंड राजा नीलकंठशहाला कैद करून तो घेतलेला होता. नीलकंठशहाचा शेवट बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेतच झाला. चांद्याचा कोट गोंड राजांनी बांधलेला. त्याला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. दरवाजांवर हत्तीला दाबून उभा असलेला सिंह कोरला आहे. ती गोंड राजांची खूण. भोसल्यांनी ती खरवडून काढली नाही, तशीच राहू दिली. कोटाच्या पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट. पूर्वेकडे वैनगंगा ओलांडली की जंगलातल्या जमीनदाऱ्या लागत. आजचा गडचिरोली जिल्हा बराचसा त्यांच्यातूनच झाला. त्यांत अहेरीची सर्वांत मोठी, आणि ते घराणे चांद्याच्या राजांशी नाते सांगणारे. या जमीनदारांचा व्यवहार नागपूरपेक्षा चांद्याशी जास्त. तेव्हा धाकट्या भावाला ‘चांदा दिला’ म्हणजे नुसता एक परगणा दिला असे होत नव्हते. स्वतःचा कोट, स्वतःची माणसे आणि गेलेल्या एका राजघराण्याचा मान असलेली दुसरी राजधानीच त्याच्या हाती जात होती. पुढचे सगळे यातून निघाले.

ओळ दुसरी : पाचगावला मुधोजींच्या हातून साबाजी पडले.

जानोजींना मूल नव्हते. त्यांनी मुधोजींचा मुलगा रघूजी दत्तक घ्यायचे ठरवले आणि १७७२ साली ते वारले. साबाजींनी पुण्याहून आपल्या नावे पद मिळवले. जानोजींच्या विधवा दर्याबाई कधी या बाजूला, कधी त्या. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरच्या दक्षिणेला पाचगावजवळ दोघे भाऊ भिडले. लढाई साबाजींच्या बाजूने झुकली होती. जिंकलोच अशा भरात त्यांनी आपला हत्ती मुधोजींच्या हत्तीवर घातला आणि शरण येण्यास सांगितले. मुधोजींनी पिस्तूल झाडले.

यात क्रौर्य किती आणि हतबलता किती, हे ठरवणे मला अवघड जाते. एवढे मात्र दिसते की चांद्याच्या धन्याने नागपूर घेतले आणि ते टिकले. चांदेकरांच्या डोळ्यांसमोर हा दाखला पुढे दोन पिढ्या राहिला.

ओळ तिसरी : चांदा मुधोजींकडून व्यंकोजींकडे आणि व्यंकोजींकडून आप्पासाहेबांकडे आला.

१७८८ साली मुधोजी गेले. दुसऱ्या रघूजींनी तोच पायंडा पुन्हा चालवला : धाकटे भाऊ व्यंकोजी, म्हणजे मन्याबापू, यांना चांदा, छत्तीसगड आणि सेनाधुरंधर किताब. व्यंकोजी १८११ साली काशीला वारले आणि मुलगा मुधोजी, लोकांचे आप्पासाहेब, वारस झाला.

ओळ चौथी : परसोजी गादीवर, कारभार आप्पासाहेबांकडे, एका सकाळी परसोजी मेलेले आढळले, तेव्हा आप्पासाहेब चांद्याला होते.

२२ मार्च १८१६ला दुसरे रघूजी वारले. मुलगा परसोजी आंधळा, अंगाने लुळा आणि बुद्धीनेही अधू. रघूजींच्या राणी बांकाबाई आणि खजिना ताब्यात असलेले धर्माजी भोसले एका बाजूला, आप्पासाहेब दुसऱ्या. धर्माजी कैद झाले आणि पुढे मारले गेले. कारभार हाती येताच आप्पासाहेबांनी मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. जो तह दुसऱ्या रघूजींनी आयुष्यभर टाळला, तो पुतण्याने गादीजवळ पोचण्यासाठी दोन महिन्यांत करून टाकला. आप्पासाहेबांची ही खरी चूक. पुढच्या शौर्याने ती पुसली जात नाही.

१ फेब्रुवारी १८१७ला परसोजी अंथरुणात मृत आढळले. नागपूरचे इंग्रज रेसिडेंट जेंकिन्स यांनी तो नैसर्गिक मृत्यू म्हणून मान्य केला आणि आप्पासाहेब गादीवर आले. इंग्रजांशी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब शत्रू ठरले, तेव्हा कुठे साक्षी गोळा झाल्या आणि खून त्यांच्या हुकुमाने झाला असा निष्कर्ष निघाला. निष्कर्ष खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण तो कधी निघाला हे लक्षात ठेवावे. याला दूरच्या देशाचा एक दाखला आहे. १२८६ साली डेन्मार्कचा राजा एरिक क्लिपिंग फिंडरुप गावी रात्री मारला गेला. पुढच्याच वर्षी मार्शल स्टिग अँडरसन आणि इतर आठ जण राज्याबाहेर घालवले गेले. स्टिगने नॉर्वेच्या राजाचा आश्रय घेतला आणि हेल्म बेटावर किल्ला उभारला. त्याचा दोष खरा होता का, यावर आजही एकमत नाही. निवाडा कोण करतो, यावरच दोषी कोण हे ठरत असते.

ओळ पाचवी : सीताबर्डीनंतर राजा नागपुरात राहिला, राज्य राहिले नाही.

२६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ची सीताबर्डीची लढाई आप्पासाहेब हरले, हे सर्वांना ठाऊक आहे. १६ डिसेंबरला आप्पासाहेब शरण आले, ६ जानेवारी १८१८च्या कराराने नावाचे राजे उरले. आतून मात्र किल्लेदारांना किल्ले न देण्याविषयी सांगणे आणि बाजीराव पेशव्यांशी बोलणी चालू होती. बेत चांद्याला निघून जाऊन पेशव्यांना मिळण्याचा होता. १५ मार्चला इंग्रजांनी त्यांना अटक केली.

ओळ सहावी : गंगासिंगाने किल्ला सोडला नाही.

या ओळीशी थांबायला हवे. १५ मार्चला राजा कैद झाला. तिसरे रघूजी गादीवर बसले २६ जूनला. मधले तीन महिने अकरा दिवस नागपूरच्या गादीवर कोणीच मोकळा, मान्य राजा नव्हता. गंगासिंगाला किल्ला खाली करण्याचा हुकूम आला तो परक्या फौजेचा. ज्याच्या नावाने तो किल्ला राखत होता, त्याच्या आजोबांपासून चांदा त्या घराचा. म्हणजे बंड करायचे तर कोणाविरुद्ध? त्याने फक्त धन्याचा शेवटचा हुकूम पाळला.

इंग्रजांनाही ही अडचण कळली होती, याचा पुरावा मंडल्यात आहे. तिथला किल्लाही असाच लढला आणि एप्रिलअखेर पडला. किल्लेदार जिवंत हाती लागला, त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला भरला गेला. त्याला राजाचीच आतून आज्ञा होती, हे पुढे आल्यावर तो सुटला. गंगासिंग जिवंत सापडता तर त्याच्यावर हाच खटला चालला असता आणि निकालही दुसरा लागायचे कारण नव्हते. मेलेल्याचा खटला कोणी चालवत नाही. म्हणून त्याच्या नावापुढचा ‘बंडखोर’ तसाच राहिला.

मदतीची आशा आधीच संपली होती. पेशवे वर्ध्याच्या बाजूने चांद्याकडे येऊ पाहत होते. वाट अडवली गेली आणि १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ शिवणी येथे कर्नल अॅडम्सने त्यांची फौज उधळली. हाच अॅडम्स ९ मेला चांद्यापुढे आला. आत दोन-तीन हजारांची शिबंदी आणि मैलोगणती लांबीचा कोट. प्रत्येक बुरुजावर पुरेशी माणसे उभी करणे शक्यच नव्हते. वर चांद्याचा मे महिना. दगडी तट दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत हात ठेववत नाही. बाहेरच्यांनाही तो सोसला नाही, त्यांच्या तोफखान्याचा एक मेजर उन्हाने आणि श्रमाने दगावला. तोफांनी आग्नेय कोपऱ्याकडे तट फोडला, २० मेच्या सकाळी हल्ला झाला.

ओळ सातवी : आप्पासाहेब निसटले, गंगासिंग पडला.

तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. आप्पासाहेबांना अलाहाबादकडे नेत होते. जबलपूरजवळ रायचूरच्या मुक्कामी १३ मेच्या पहाटे पहाऱ्यातले शिपाई फितवून, शिपायाचाच वेष करून ते निघून गेले आणि महादेवाच्या डोंगरात गोंड जमीनदारांनी त्यांना आसरा दिला. चांद्याला वेढा पडून तेव्हा चार दिवस झाले होते. धनी मोकळा झाल्यावर सातव्या दिवशी किल्लेदार मारला गेला. सातपुड्यापलीकडची बातमी वेढ्यातून आत पोचली असेल असे मला वाटत नाही. राजा कैदेत आहे असे समजूनच तो लढला असणार. किल्ला पडल्यावर शहर लुटले गेले. त्या लुटीत ज्यांची घरे गेली, त्यांचा नागपूरच्या गादीशी काही संबंध नव्हता.

आप्पासाहेब पुढे असीरगड, पंजाब असे भटकत जोधपूरला पोचले आणि १८४० साली तिथेच वारले. नागपूरला, चांदा पडल्यावर ३७ दिवसांनी, दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा अल्पवयीन मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसवला गेला. चांदा कॅप्टन क्रॉफर्डच्या देखरेखीखाली गेला. १८३० साली मुलूख राजाला परत मिळाला, पण धाकट्या भावाचा वाटा म्हणून चांदा पुन्हा कोणाला दिला गेला नाही.